एका फाटकाला दोन कुलपं

मी कुलूप बोलतोय. बोलणं आमच्या जातीला शोभत नाही. तोंड मिटून बसायचं आणि आपली किल्ली आल्याशिवाय उघडायचं नाही, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पण हल्ली मला काम उरलेलं नाही, म्हणून सांगतो. एकदाच सांगेन.

जन्म अलिगढचा. अंग लोखंडाचं, वजन चांगलं. तिथून गोणीत भरून लखनौला आलो आणि अमीनाबादच्या एका दुकानात खिळ्याला टांगला गेलो. आजूबाजूला ट्रंकेची, सायकलची, कपाटाची हलकी कुलपं होती. त्यांच्याशी मी फारसं बोललो नाही.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात सुभेदार हणमंत जगदाळे दुकानात आले. मूळचे कोरेगावचे, फौजेतून निवृत्त झालेले. मिशा अजून ड्युटीवर होत्या. दुकानदारानं त्यांना एक नाजूक कुलूप दाखवलं. सुभेदार म्हणाले, "मकान के लिए चाहिए. संदूक के लिए नहीं." दुकानदारानं मुकाट्यानं मला खाली काढलं. मला माणूस तिथंच आवडला.

बरोबर त्यांची बायको होती, लतिकाबाई. तिनं किल्ली दोनदा फिरवून बघितली आणि पदराच्या टोकाला बांधली. या बाईचा सगळा संसार सरकारी क्वार्टरात गेलेला. बदली आली की भिंतीचे खिळे उपटायचे, भोकं बुजवायची आणि किल्ली परत करायची. आता मुलाच्या क्वार्टरमध्ये राहत होती, मानक नगरला. ते घरही सरकारीच, रेल्वेचं. परत न करायची किल्ली तिला हवी होती, आणि नवऱ्यानं ती कबूल केली होती.

घर बघून झालं होतं. जानकीपुरमच्या पलीकडे निवृत्त लोकांची एक वसाहत होती. पेन्शन सुरू झाल्याशिवाय तिथं घर मिळत नसे. सुभेदारांनी बघितलेलं घर शेवटच्या गल्लीत, अगदी टोकाला. गल्ली तिथंच संपते. रिक्षा शिरली तर उलटी बाहेर काढावी लागते. ज्यांना आता कुठं जायचं नाही, त्यांनी कुठंच न जाणारी गल्ली निवडलेली. सकाळी सगळे म्हातारे टोकाच्या भिंतीपर्यंत चालत जायचे, भिंतीला हात लावायचे आणि परत फिरायचे. याला ते मॉर्निंग वॉक म्हणत.

घराचे मालक रिझवी साहेब. कॉलेजात फारसी शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, एकटे. त्यांनी सुभेदारांना चहा पाजला, घर दाखवलं आणि म्हणाले, "हमारा क्या है सूबेदार साहब, आज हैं, कल नहीं. घर तो अब आप ही का समझिए."

लखनौच्या माणसाला विचारा याचा अर्थ काय. काहीही नाही. असं वाक्य चहाबरोबरच्या बिस्किटासारखं असतं. पण सुभेदारांची हिंदी फौजेतली. तिथं आज आहे, उद्या नाही, म्हणजे बदलीची ऑर्डर. आणि घर तुमचं, म्हणजे चार्ज दिला. सुभेदारांनी सलाम ठोकला, घरी जाऊन बायकोला सांगितलं आणि तिला घेऊन थेट अमीनाबाद गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन गल्लीत आले. फाटकाला पितळी कुलूप होतं. सुभेदारांना वाटलं, म्हातारा शब्दाचा पक्का, ठरल्याप्रमाणे निघून गेला. त्यांनी त्याच कडीत मला दाबून बसवलं, ओढून बघितलं आणि लतिकाबाईंना आणायला मानक नगरला गेले.

रिझवी साहेब फक्त केस कापायला गेले होते.

कडीत जागा कमी. ते पितळी कुलूप आणि मी छातीला छाती लावून लटकत होतो. ते वयानं मोठं, मी सरकून घेतलं. त्यानंच मला सांगितलं की त्याच्या मालकाला घर विकायचंच नाही. मुलगी भोपाळला असते, दर पत्रात लिहिते की घर विका आणि इकडे या. मग साहेब गिऱ्हाइकांना घर दाखवतात. प्रत्येकाला चहा पाजतात, घर तुमचंच म्हणतात. लोक समजून उमजून निघून जातात. मुलीला कळवायचं, बघणारे येतात, जमत नाही. तेवढंच चार घटका बोलायला माणूस मिळतं.

"कुलूप लावणारा तुझाच मालक पहिला," ते म्हणालं. मला अभिमान वाटला. तेव्हा वाटायला नको होता.

साहेब परत आले. आपली किल्ली लावली, पितळी कुलूप उघडलं. मी उघडलो नाही. माझा काय दोष? त्यांनी मला उलटंसुलटं करून बघितलं, आणि कोणाचं काम आहे ते त्यांना कळलं. समोरचे बँकेतले निवृत्त मॅनेजर म्हणाले, लोहार बोलावू. साहेबांनी मान हलवली. पाहुण्याचं कुलूप तोडायचं, हे कोणत्या तोंडानं? शेजारून खुर्ची आली. नंतर चहा आला. बघता बघता अख्खी गल्ली जमली. मॅनेजर म्हणाले, "रिज़वी साहब, और कहिए सबसे, आप ही का घर है."

दुपारी रिक्षा आली. लतिकाबाईंच्या मांडीवर देवांचा डबा आणि दुधाचं पातेलं. नव्या घरात दूध उतू घालायचं होतं. साहेब खुर्चीवरून उठले, केस झटकले आणि म्हणाले, "तशरीफ़ लाइए. आप ही का घर है."

सुभेदार खूश झाले. लतिकाबाईंनी मात्र खुर्ची बघितली, चहाचे रिकामे कप बघितले, ताजे कापलेले केस बघितले.

"अहो," ती हळू म्हणाली, "हा माणूस घराबाहेर बसलाय."

"चार्ज द्यायला थांबला असेल."

"तुमच्या कुलपामुळं बसलाय."

तिनं पदराची गाठ सोडली आणि किल्ली माझ्यात घातली. तिची पहिली किल्ली. ती तिनं दुसऱ्याला त्याच्या घरात जाऊ द्यायला फिरवली. मी लगेच उघडलो. एरवी मी थोडा अडतो. सुभेदारांनी मला हातात धरूनच आत नेलं, म्हणून पुढचं मी बघितलं.

आत साहेबांचं जेवण झाकून ठेवलेलं, एका माणसाचं. तिनं ते झाकण उचलून बघितलं आणि तिच्या मोडक्या हिंदीत विचारलं, "आप किदर जायेंगे?"

"बेटी के पास. भोपाल."

"मन है?"

साहेबांनी तोंड उघडलं. एखादं सुंदर वाक्य निघणार असं वाटलं. पण निघालं एवढंच, "नहीं."

सुभेदारांच्या मिशा थरथरल्या. "ज़बान दी थी आपने."

"दी थी," साहेब म्हणाले. मान खाली. "माफ़ कीजिए. ले लीजिए."

आता घर तिचं होऊ शकत होतं. फक्त हो म्हणायचं होतं. लतिकाबाईंनी देवांचा डबा खाली ठेवला नाही. तो घेऊनच ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "घ्यायचं असलं तर माणसासकट घ्या. नाहीतर मी रिक्षात बसते." साहेबांना म्हणाली, "घर लेंगे. आप इदरच रहेंगे."

सुभेदारांनी विचारलं, हे कागदावर कसं घालायचं. ती म्हणाली, कागदावर कशाला, तुम्ही जबान द्या. तुमची खरी असते.

सुभेदारांनी दिली. साहेबांनी या वेळी एकही गोड शब्द वापरला नाही. नुसते रडले. दूध त्यांच्याच शेगडीवर उतू गेलं, आणि पुसायला मॅनेजर धावले.

कागद पुढं रीतसर झाले. साहेबांना मागची खोली मिळाली, मुलीला पत्र गेलं. आता घरात तीन माणसं आहेत आणि सुभेदार सोडले तर कोणी वेळेवर उठत नाही. दोघे म्हातारे रोज भांडतात. साहेब आडवळणानं बोलतात आणि सुभेदार दर वाक्याला विचारतात, "मतलब हाँ या ना?" लतिकाबाई आतून सांगते, "ना म्हणतायत." तिचा अंदाज चुकत नाही.

माझं काय? घरात कोणी ना कोणी असतंच. मला लावायची वेळच येत नाही. पावसाळे गेले, अंगाला गंज चढला. मी फाटकाच्या कडीत लटकलोय, कमान वर, तोंड उघडं. आमच्या धंद्यात ही शरमेची गोष्ट. येणारेजाणारे वाईट नजरेनं बघतात. परवा एका रद्दीवाल्यानं मला भंगारात मागितलं.

तेलाचे दोन थेंब सोडलेत तर उपकार होतील. नाही सोडलेत तरी चालेल. पण गल्लीत कोणी माझ्याबद्दल विचारलं तर नीट सांगा. कुलूप बिघडलेलं नाही. उघडं ठेवलंय.