तिसऱ्या रांगेतली घंटा

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी घंटा आहे. देवळातली नव्हे, गाईच्या गळ्यातली. माझ्या अंगावर चार पोचे आहेत, कडेला एक चीर आहे आणि कितीही घासलं तरी माझ्या पोटातून लसणाचा वास जात नाही. पण म्हणून मला कमी लेखू नका. आमच्या कालेता ओंदा गावाने बेसबॉलचं प्रांतिक अजिंक्यपद आजवर एकदाच जिंकलं, आणि जिंकलं तेव्हा मी तिथे होते. नुसती होते असं नाही, वाजत होते.

आमचं गाव क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर, दलदलीच्या काठाला. साखर कारखान्यातली एक कढई फुटली आणि तिच्या पत्र्यातून गावच्या लोहाराने मला घडवलं. ठोकताना तो अखंड शिव्या देत होता, त्यामुळे माझा स्वभाव जरा तिखट झाला असावा. मला बांधलं कोकेता नावाच्या गाईच्या गळ्यात. ही गाय इतकी आळशी, की दिवसदिवस मान हलवायची नाही. एकदा माझ्या आतला लोलक तुटून चिखलात पडला, तेही तिला कळलं नाही.

गाईच्या मालकाचा मुलगा निकानोर तेव्हा वीस वर्षांचा होता. त्याने मला सोडवलं आणि रुळाचा एक जाड खिळा घेऊन माझ्यावर हाणला. ठण! दलदलीतले बगळे उडाले. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. एवढा आवाज माझ्यात होता आणि मला पत्ता नव्हता.

"कोकेता, ही तुझ्या गळ्यात वाया चाललीय," तो गाईला म्हणाला, आणि त्या रविवारी मला मैदानावर घेऊन गेला.

आमच्याकडे पोर आधी बॅट धरायला शिकतं आणि मग चमचा. आमच्या संघाचं नाव कार्बोनेरोस, म्हणजे कोळसेवाले, कारण निम्मं गाव खारफुटीचं लाकूड जाळून कोळसा करतं. निकानोरही तेच करायचा. लाकडं रचायची, वरून गवत आणि माती लिंपायची आणि भट्टी पाच दिवस धुमसत ठेवायची. कुठे भोक पडून वारा शिरला तर कोळशाची राख होते, म्हणून भट्टीवरून हलता येत नाही. निकानोर आधी सामन्यांचं वेळापत्रक बघायचा आणि मगच भट्टी पेटवायचा. एकदा भट्टी अजून धुमसत असताना तो थोड्या वेळासाठी म्हणून आला आणि नऊ डावांचा सामना लांबत लांबत चौदा डावांपर्यंत गेला, तेव्हा मात्र घात झाला. घरी आला तर बायको एदेल्मिरा दारात उभी.

"भट्टी?" तिने विचारलं.

"गेली."

"आणि सामना?"

"तोही गेला."

"मग हात धू. तेवढं तरी करायचं राहिलंय."

खरं सांगायचं तर आमचा संघ बहुतेक वेळा हरायचाच. लोक निकानोरला म्हणायचे, दुसरा एखादा बरा संघ धर. तो म्हणायचा, "संघ काय आपण निवडतो? पाय निवडले होते का मी?" दर रविवारी दुपारी दोनला तो आणि एदेल्मिरा तिसऱ्या रांगेत बसत. तीन ठोके, मग थांबायचं, मग दोन ठोके. ढोलवाले माझ्यावर ताल धरायचे. शेंगदाण्याच्या पुड्या विकणारासुद्धा माझ्या ठोक्यावर ओरडायचा. मला फार गर्व होता हो, तो मी लपवत नाही.

आमचे वैरी म्हणजे सान हिलारिओचे. साखर कारखान्याचं गाव, पांढरेशुभ्र कपडे. आम्हाला चिडवायला ते येताना साबणाच्या वड्या आणायचे आणि उंच धरून दाखवायचे. कोळसेवाल्यांनो, तोंडं धुवा. निकानोर उठून ओरडायचा, "जपून ठेवा तो साबण. हरल्यावर डोळे धुवायला लागेल." मग हरायचो आम्हीच, ती गोष्ट निराळी.

आता तो दिवस सांगते. सांगताना अजून माझा पत्रा थरथरतो.

एका वर्षी आम्ही चक्क अंतिम सामन्यात पोचलो, तोही आमच्याच मैदानावर, सान हिलारिओशी. आमचा गोलंदाज एरादियो एकोणीस वर्षांचा, डावखुरा. त्या दिवशी त्याचा चेंडू कुणालाच सापडेना. आठ डाव झाले, आम्ही एका धावेने पुढे होतो आणि सान हिलारिओच्या एकालाही धड टोला मारता आला नव्हता. अशा सामन्याला आम्ही कोरा सामना म्हणतो. पण तो चालू असताना हा शब्द उच्चारायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. उच्चारला की मोडतो. जागा बदलायची नाही, मांडी बदलायची नाही, कॉफीला उठायचं नाही, आरडाओरडा करायचा नाही. जणू काही विशेष चाललेलंच नाही असं दाखवायचं. आमच्या मागे बसलेला वेन्सेस्लाओ न्हावी दोन तास डासांबद्दल बोलत होता. एदेल्मिरा स्वतःच्या हातांवर बसली होती. निकानोरने माझ्या तोंडात आपली टोपी कोंबून ठेवली होती.

नववा डाव. दोन बाद. चार चेंडू भरकटले म्हणून फुकट मिळालेल्या बेसवर त्यांचा एक जण उभा. पुढचा फलंदाज दोनदा चुकला. आता आणखी एकदा चुकला की संपलं. निकानोरने टोपी कधी काढली ते त्यालाही कळलं नाही. वीस वर्षांचं हरणं त्याच्या मनगटात साठलं होतं. त्याचा हात उठला आणि मी वाजले. एकदाच. ठण.

त्या चेंडूवर फलंदाजाने असा टोला हाणला की चेंडू कुंपणापलीकडे खारफुटीत गेला. होमरन. त्यांच्या दोन धावा झाल्या. आमच्या शेवटच्या डावात तिघे गेले आणि तिघे मान खाली घालून परत आले. आम्ही हरलो. आणि सगळं मैदान वळून माझ्याकडे बघत होतं.

"ही पनवती घंटा आहे," वेन्सेस्लाओ म्हणाला. "हिला पुन्हा इथे आणायची नाही."

"तिला बंदी म्हणजे मला बंदी," निकानोर म्हणाला. त्याला वाटलं कुणीतरी नको म्हणेल. कुणी म्हणालं नाही.

मित्रांनो, तो पुढे बावीस वर्षं मैदानात गेला नाही. मला स्वयंपाकघरात खिळ्याला उलटं टांगलं आणि एदेल्मिरा माझ्यात लसूण ठेवू लागली. मी गंजले, माझ्यावर कोळी फिरले. पण माझ्यापेक्षा मला त्याचं वाईट वाटायचं. रविवारी भट्टी विझलेलीच असायची, सवयच होती तशी. तो रेडिओ लावून बसायचा आणि निवेदकाशी भांडायचा. मैदान जवळच, वारा इकडचा असला की लोकांचा आवाज रेडिओच्या आधी यायचा. त्या आवाजावरून तो सांगायचा, कोण बाद झालं. टोला बसला की त्याचा उजवा हात आपोआप उठायचा, खिळा नसलेला. स्वतःला दोष द्यायचा तो. माझ्याकडे न बघता लसूण काढून घ्यायचा. गावात तर लहान मुलंही ती गोष्ट सांगायची, कारण वेन्सेस्लाओ दर दाढीबरोबर ती फुकट ऐकवायचा.

बावीस वर्षांनी कार्बोनेरोस पुन्हा अंतिम सामन्यात आले. समोर पुन्हा सान हिलारिओ. आमच्या संघाचा प्रशिक्षक आता एरादियोच होता. सामन्याच्या दिवशी सकाळी तो आमच्या दारात येऊन उभा राहिला.

"निकानोरकाका, आत येऊ?"

"ये. कॉफी तयार आहे. पण सामन्याचं बोलू नकोस."

"सामन्याचंच बोलायचंय. त्या सामन्याचं."

एदेल्मिराने कॉफी ओतता ओतता हात थांबवला.

"फलंदाजामागे बसलेल्या झेल्याने मला सरळ चेंडूची खूण केली होती," एरादियो म्हणाला. "मी ऐकलं नाही. म्हटलं, शेवटचा चेंडू असा वळवून टाकीन की लोक नातवंडांना सांगतील. तो वळलाच नाही."

"आणि घंटा?"

"चेंडू हातातून सुटल्यावर वाजली, काका. मी ऐकली ना. तोवर मी माती केली होती."

निकानोरने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "बावीस वर्षं, एरादियो."

"मी एकोणीस वर्षांचा होतो. मैदानातून बाहेर आलो तर सगळे घंटेकडे बघत होते. माझ्याकडे कुणीच नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, उद्या सांगू. मग परवा."

"आणि आज सामना आला तेव्हा देव आठवला होय?" एदेल्मिरा म्हणाली.

"तसं नाही काकू. आज माझी पोरं हरली तर तीही दोष द्यायला कुणीतरी शोधतील. माझ्याकडूनच शिकतील ना ती? म्हणून सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्ही दोघं या. आणि तिला आणा."

निकानोर स्वयंपाकघरात आला. त्याच्या आधीच एदेल्मिरा तिथे होती आणि तिने मला ताटात उपडं केलं होतं.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"लसूण निवडतेय," ती म्हणाली आणि तोंड न लपवता, सरळ त्याच्यासमोर रडली.

दुपारी एरादियोने भोंगा हातात घेऊन सगळं सांगितलं. चार वाक्यांत, कुठेही न सावरता. मग वेन्सेस्लाओ उभा राहिला. म्हातारा झाला होता.

"म्हणजे बावीस वर्षं मी दर दाढीला सांगत आलो, ते खोटं?"

"खोटं."

"किती दाढ्या झाल्या असतील, कल्पना आहे?"

"किती जणांना कापलंस ते सांग," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. वेन्सेस्लाओ मात्र हसला नाही. तो खाली उतरून तिसऱ्या रांगेत आला. निकानोरची जागा रिकामीच होती, भीतीने बावीस वर्षांत तिथे कुणी बसलं नव्हतं. न्हाव्याने खिशातला रुमाल काढला आणि ती जागा पुसली.

सामना सुरू झाला. निकानोरने मला मांडीवर घेतलं, पण वाजवलं नाही. ढोलवाले वळून वळून बघत होते. सान हिलारिओच्या साबणाच्या वड्या वर होत्या. नवव्या डावात आम्ही एक धाव मागे. दोन बाद. एक जण दुसऱ्या बेसवर. बॅट घेऊन उभा होता आमचा झेल्या मीसाएल, बसका, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. तो एकदा चुकला. दुसऱ्यांदा चुकला.

निकानोरने खिळा मुठीत धरला होता.

"वाजव," वेन्सेस्लाओ म्हणाला.

"दोनदा चुकलाय, वेन्सेस्लाओ."

"मला मोजता येतं. वाजव."

"आणि हरलो तर?"

"तर मीसाएलला चेंडू दिसला नाही असं म्हणू. वाजव, नाहीतर तो खिळा इकडे दे."

निकानोरने हात उचलला. मित्रांनो, बावीस वर्षांचा गंज एका ठोक्यात झडला. ठण, ठण, ठण. थांबा. ठण, ठण. ढोल उठले, तुताऱ्या उठल्या, एदेल्मिरा बाकावर उभी राहिली. माझ्या कडेला चीर गेली ती त्याच क्षणी, पण मला दुखलं नाही. मीसाएलने बॅट फिरवली. चेंडू वर गेला, आणखी वर गेला आणि खारफुटीत पडला, बरोबर तिथे, जिथे बावीस वर्षांपूर्वीचा पडला होता.

आम्ही जिंकलो! कोळसेवाले जिंकले! जो तो ज्याला त्याला मिठी मारत होता. निकानोरने एरादियोचा आधी कान पिरगाळला आणि मग त्याला छातीशी धरलं. सान हिलारिओचा एक म्हातारा रांगा ओलांडून आला, त्याने साबणाची वडी निकानोरच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "घ्या. आमचे डोळे आम्ही घरी जाऊन धुतो." त्याच साबणाने एदेल्मिराने मला आंघोळ घातली. लसणाचा वास तेवढा राहिला.

आता दर रविवारी मी तिसऱ्या रांगेत असते. चिरेमुळे आवाज थोडा फाटका येतो, ढोलवाले म्हणतात तोच बरा. पुढच्याच वर्षी आम्ही पुन्हा शेवटून दुसरे आलो आणि त्याचं खापर माझ्यावर कुणी फोडलं नाही. मी त्यांना जिंकवलं नव्हतं, तसंच हरवलंही नव्हतं. मी फक्त त्यांच्या बाजूने वाजले, दोन्ही वेळा, सारख्याच जिवाने.

तेव्हा मित्रांनो, हरलात तर हरलो म्हणा, चेंडू वळला नाही म्हणा. आणि कधीकाळी कुणाला तोंड बंद करून कोपऱ्यात टांगून ठेवलं असेल, तर आजच जा, त्याच्या पोटातला लसूण काढा आणि त्याला आपल्याशेजारी बसवा.