स्टेजवर चढवलेली लेथ

मी लेथ बोलतेय, आणि गोड बोलायला आलेली नाही. लोखंड तासायचं माझं काम. माणसं तासता आली असती तर इंदूरच्या आमच्या सरकारी पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांपासून सुरुवात केली असती.

माझा जन्म राजकोटचा, वजन सव्वा टन. नवी कार्यशाला, म्हणजे यंत्रांचं वर्कशॉप, बांधायला सरकारने पैसा मंजूर केला, त्याच फाइलीत माझीही खरेदी झाली. ट्रकमधून उतरले तेव्हा मंजुषा मुळ्ये मॅडमनी माझ्यावर हात ठेवून पोरांना सांगितलं, हिला अहो-जाहो करा, बोटं शाबूत राहतील. मॅडम वर्कशॉप शिकवायच्या, पण कंत्राटी. दरवर्षी नेमणुकीचा नवा कागद.

कार्यशाला उभी राहिली, पण कसली! प्राचार्य यशवर्धनजींनी हिंदी फाइलीतल्या त्या शब्दाचा हवा तो अर्थ काढला. भाषणं होतात, चहा-समोसे होतात, तीही कार्यशालाच की. झालं! एसी, गादीच्या खुर्च्या, लाकडी स्टेज. मॅडम विचारायला गेल्या तर म्हणाले, "अरे मॅडमजी, शब्द तोच आहे, और क्या पाहिजे?"

मी बाहेर, इमारतीच्या मागच्या भिंतीपाशी, फाटक्या ताडपत्रीखाली. दोन पावसाळे तिथे काढले. अंगभर गंज चढला, पायाशी कुत्री व्याली. तेही सोसलं असतं. पण परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, आणि पोरं लेथ शिकलेली फक्त फळ्यावर. निम्मा वर्ग प्रॅक्टिकलला नापास. शमिका वर्गातली सगळ्यात हुशार, पण परीक्षकांनी ताडपत्री उचलून विचारलं तर तिला हँडल कुठल्या बाजूला फिरवायचं तेही कळेना. रडली बिचारी. आणि खापर कोणाच्या माथी? मॅडमच्या! शिकवता येत नाही म्हणून त्यांचा कागद नवा करायचा नाही, असं प्राचार्यांनी ठरवलं. त्याच दिवशी मीही ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

मंजूर पैशाचा पुढचा हप्ता देण्याआधी सरकारी समिती पाहणीला येणार होती. मग माझी आठवण झाली. घाईघाईने बाहेर ओढलं आणि गंजावरच हिरवा रंग फासला. माझे भाग ज्या पट्ट्यांवरून सरकतात, ज्यांना तेलाशिवाय काही लावायचं नसतं, त्याही सोडल्या नाहीत मेल्यांनी. शहरातल्या परदेशीपुरा वस्तीतून हमाल आणले आणि पाइपांवरून ढकलत मला चक्क स्टेजवर चढवलं. मॅडम म्हणाल्या, हिला काँक्रीटचा पाया लागतो, लाकडावर टिकायची नाही. यशवर्धनजी हसले. दहा मिनिटांचं तर काम आहे, म्हणाले.

मला दोन पुरली. समितीसमोर त्यांनी स्वतःच्या हाताने बटण दाबलं. सगळा राग एकवटून मी अशी थरथरले की फळ्या कडाकडा मोडल्या. माझा एक पाय खाली गेला, आणि शेजारी उभ्या यशवर्धनजींचाही, थेट गुडघ्यापर्यंत. थोडं खरचटलं त्यांना. मला विचाराल तर फारच थोडं.

समितीचे प्रमुख श्रीपाद तांबे यांनी माझ्या पट्टीवर बोट फिरवलं. बोट हिरवं झालं. कार्यशालेत स्टेज कशाला, त्यांनी विचारलं. नोकरी तशीही जाणारच होती, म्हणून मॅडम पुढे झाल्या.

"सर, माझी पोरं नापास नाहीत. त्यांना ही मशीन कोणी चालवूच दिली नाही."

रिपोर्ट गेला. यशवर्धनजींची बदली झाली, मॅडमचा कागद नवा झाला. नवा पैसा मात्र थांबला. आहे त्याच इमारतीत वर्कशॉप करा, असा हुकूम आलाय. परवापासून पोरं गादीच्या खुर्च्या बाहेर काढताहेत. स्टेज उखडून तिथे माझा पाया खणलाय. शमिका थिनर घेऊन माझा रंग खरवडत बसते. फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे.

माझी एकच विनंती आहे. इथल्या भिंतीवर एक संगमरवरी पाटी आहे, 'प्राचार्य यशवर्धनजींच्या प्रेरणेने'. कृपा करून ती काढू नका. मी चालू झाले की काळं तेल नेमकं तिथेच उडणार आहे.