दुपारची तुकडी

शेलार सरांनी स्वतःच्या मुलाला नापास केलं होतं, ही गोष्ट ज्याला माहीत नाही तो माणूस कोपरीत बहुधा कालच राहायला आलेला असतो. खाडीकाठ फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीच्या दिवशी, सकाळी आठला, पालकांसमोर ही गोष्ट दरवर्षी सांगितली जाते. आधी क्लबचा सेक्रेटरी प्रफुल्ल सांगायचा. पण तो दरवर्षी सन बदलायचा, म्हणून सरांनी ते काम स्वतःकडे घेतलं.

"दोन हजार दहा साली माझा विनीत याच रांगेत उभा होता," सर म्हणतात. "त्याचं नाव सकाळच्या तुकडीत होतं. मी उचलून दुपारच्या तुकडीत शेवटी टाकलं. सरांच्या पोराला आधी सोडलं असं कुणी म्हणायला नको. एक दशांश सेकंदानं गेला. मी घड्याळ दाबलं आणि लिहिलं, अपात्र."

पालक टाळ्या वाजवतात. ज्यांची मुलं संध्याकाळी अपात्र ठरायची असतात तेही वाजवतात, कारण सकाळी ते कुणालाच ठाऊक नसतं.

चाचणी साधी होती. तेरा वर्षांखालच्या मुलामुलींनी चाळीस मीटर पळायचं, सहा पूर्णांक चार सेकंदांच्या आत. त्यात जे बसतील त्यांनीच पुढे चेंडूला पाय लावायचा. सकाळी मुलं रस्त्याच्या कडेकडून खाडीच्या कडेकडे पळत आणि सर खाडीच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे राहत. दुपारी ऊन पश्चिमेला गेलं की त्या टोकाला ते थेट डोळ्यांत यायचं. म्हणून जेवणानंतर सर रस्त्याच्या टोकाला येत आणि मुलं खाडीकडून रस्त्याकडे पळत. फीत तीच, अंतर तेच, घड्याळ तेच. एकवीस वर्षांत या व्यवस्थेवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मुलांनी ठेवलं होतं, पण मुलांचं कोण धरतं.

सकाळच्या तुकडीतल्या जागा फोनवर फॉर्म उघडल्यापासून दहा मिनिटांत भरत. ज्यांच्या घरी त्या दहा मिनिटांत कुणी फोन घेऊन बसू शकत नाही, त्यांच्या वाट्याला दुपार येई. हे क्लबने ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप होत गेलं. मागच्या वार्षिक सभेत प्रफुल्लने अहवाल वाचला होता की डोंबिवली, ठाकुर्लीकडच्या मुलांचा वेग कमी पडतो, त्यांच्या आहाराकडे लक्ष द्यायला हवं. सभेने अहवाल एकमताने मंजूर केला आणि मग सगळ्यांनी बटाटेवडे खाल्ले.

संचिता दुपारच्या तुकडीतली. डोंबिवलीकडच्या मानपाड्याची, बारा वर्षांची. तिची आई नंदा तिथल्याच एका कारखान्यात पॅकिंगला होती. रविवारी अर्धी पाळी करून मुलीला घेऊन कोपरीत पोचेपर्यंत तिला दीड वाजला होता. संचिता गेल्या वर्षीही आलेली. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं, म्हणजे जे काय व्हायचं ते आज.

ती पळाली. सरांनी घड्याळ पाहिलं. सहा पूर्णांक पाच.

सरांनी आकडा लिहिला. संचिता तिथेच उभी राहिली. धापा ओसरल्यावर म्हणाली, "सर, एकदा त्या बाजूने पळू का?"

"का?"

"इकडून चढ आहे."

सरांचा पेन शेऱ्याच्या रकान्याकडे गेला. या प्रसंगासाठी त्यांच्याकडे दोन शब्द तयार असत. कारणे सांगते. मुलगा असेल तर कारणे सांगतो. त्यांनी शेरा लिहायला घेतला.

"मागच्या वर्षी पण हेच सांगितलेलं मी," संचिता म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक राहिला आहे, असं एखादी मुलगी सांगेल तशी ती सांगत होती.

नंदा पुढे आली आणि मुलीचा दंड धरून म्हणाली की चल, सरांचा वेळ घेऊ नकोस, त्यांनी स्वतःच्या मुलालासुद्धा सोडलं नाही. ही गोष्ट मानपाड्यापर्यंत पोचली आहे हे ऐकून इतर कुठल्याही दिवशी सरांना बरं वाटलं असतं.

पण त्याच वेळी रस्त्याच्या टोकाला काळुराम चुन्याची बादली धूत होता. काळुराम मैदानाच्या रेषा मारायचा. त्याचा बाप मिठागरात होता, आणि हे मैदान म्हणजे त्याच मिठागराची भराव घालून सपाट केलेली कड. काळुरामने बादली विसळून पाणी जमिनीवर ओतलं. पांढरं पाणी क्षणभर थबकलं आणि धावपट्टीच्या रेषेला धरून निघालं. कुठे जायचं ते त्याला नीट माहीत असावं. पंधरा पावलांपर्यंत गेलं आणि मग मातीत जिरलं. खाडीकडे.

काळुराम एकवीस वर्षं इथेच बादली धूत होता आणि सर एकवीस वर्षं ते पाणी ओलांडून जात होते. आमच्या मैदानात पाणी साचत नाही, हे सर पाहुण्यांना अभिमानाने सांगत. ते जातं कुठे, असं पाहुण्यांनीही विचारलं नव्हतं.

सर त्याच्याकडे गेले आणि त्यांनी हळू आवाजात विचारलं, की हा उतार किती असेल.

काळुरामने डोळे बारीक करून पाहिलं. त्याला फीत लागली नाही. "चाळीस मीटरला दीड फूट. मिठागराला उतार लागतोच, सर. नायतर भरतीचं पानी फिरनार कसं? भराव टाकला तो पन तसाच बसला."

"कधी बोलला नाहीस."

"तुमी कवा इचारलंच नाय. पोरं सांगत व्हती. त्यांचं तुमी ऐकत नवता, मंग मी कशाला बोलू?"

सर क्लबच्या खोलीत गेले. लोखंडी कपाटातून त्यांनी जुन्या वह्या काढल्या. तीन वह्या पाहिल्यावर चौथी उघडायची गरज नव्हती. सकाळी पात्र चौदा, दुपारी दोन. सकाळी सोळा, दुपारी तीन. सकाळी पंधरा, दुपारी एक. दुपारच्या पानांवर शेऱ्याचा रकाना भरगच्च होता. अक्षर सुरेख, त्यांचंच.

तरी त्यांनी चौथी उघडली. दोन हजार दहा. विनीत दौलत शेलार, सहा पूर्णांक पाच, अपात्र. शेरा: कारणे सांगतो.

तो काय म्हणाला होता ते त्यांना आठवेना. शेरा वाचून मात्र कळत होतं.

एवढ्यात प्रफुल्ल यादी मागायला आला. सरांनी उताराचं सांगितलं ते ऐकून घेतल्यावर त्याने दार लोटलं आणि समजूतदारपणे सांगितलं, की सर, त्या पोरीचं नाव घालून टाकू, हवं तर आणखी एखादं घालू, पण बाहेर बोलायचं नाही. एकवीस वर्षांतली पोरं आहेत, आता बाप्ये झालेत, त्यांतले काही नगरसेवकांकडे कामाला आहेत. आणि तुमची ती गोष्ट आहे, क्लबच्या माहितीपत्रकात छापलीये. प्रफुल्ल वाईट माणूस नव्हता. माहितीपत्रकाच्या दोन हजार प्रती त्याने नुकत्याच आणल्या होत्या.

सर वही उघडी ठेवून बसून राहिले. पोरीचं नाव घातलं तर पोरीचं भलं होणार होतं आणि गोष्टही राहणार होती. फक्त दुपारच्या बाकीच्या पंधरा अपात्रांना आपण हळू आहोत असं आयुष्यभर वाटत राहणार होतं. असं वाटत राहिलं की पुढे काय होतं, ते सरांनी घरात पाहिलं होतं. विनीतने त्या दिवसानंतर मैदानात पाय ठेवला नाही. आता तो डोंबिवलीत राहतो, औषधांच्या कंपनीत आहे, दर रविवारी फोन करून बापाच्या गुडघ्याची चौकशी करतो. फुटबॉलचा विषय निघाला की आईशी बोलायला लागतो.

सर बाहेर आले आणि त्यांनी शिट्टी वाजवली. पालक गोळा झाले.

"सकाळी मी तुम्हाला एक गोष्ट सांगितली," ते म्हणाले. "ती खोटी नाही, पण चूक आहे. हे मैदान खाडीकडे उतरतं. सकाळची मुलं उतारावर पळतात, दुपारची चढावर. एकवीस वर्षं मी तशी पळवली. माझा मुलगा खरंच नापास होता की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. दुपारची तुकडी पुन्हा पळेल. सकाळसारखी, खाडीकडे."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका पालकाने विचारलं, की सकाळचा निकाल कायम आहे ना. कायम आहे, असं सर म्हणाले. तो पालक मागे सरकला.

सर खाडीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. ऊन थेट डोळ्यांत आलं. मागोमाग आलेल्या काळुरामने डोक्यावरची मळकी टोपी काढून त्यांच्यासमोर धरली. सरांनी ती घातली, कड खाली ओढली, आणि सगळं स्वच्छ दिसायला लागलं. एकवीस वर्षं एवढंच हवं होतं, एक टोपी.

अठरा जण पळाले. आधी दोघं पात्र होते, आता सात झाले. सर्वेश नावाचा एक मुलगा उतारावरूनही सहा पूर्णांक सहावरच राहिला. त्याने घड्याळ स्वतः पाहिलं आणि मान हलवली. संचिताला सहा पूर्णांक तीन लागले. नंदाने तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि तिच्या पाठीवर बराच वेळ हात ठेवला. वहीत संचिताच्या नावापुढे अर्धा शेरा लिहिलेला होता. सरांनी त्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, चढ होता.

मैदान रिकामं झाल्यावर त्यांनी विनीतला फोन लावला. रविवारचा त्याचा फोन यायला अजून वेळ होता, त्यामुळे पलीकडून आधी गुडघ्याबद्दल विचारणा झाली. सर म्हणाले, गुडघा ठीक आहे. मग म्हणाले, "विनीत, मैदानाला चढ आहे रे. दुपारच्या बाजूने."

पलीकडे कुणीतरी टीव्ही बंद केला.

"हो बाबा," विनीत म्हणाला. "मी सांगितलेलं."

"लिहून ठेवलंय मी. म्हणजे, तू सांगितलंस तेवढं कळतंय त्यावरून."

"कितीचा आहे?"

"काळुराम म्हणतो, दीड फूट."

सरांनी फोन कानाला घट्ट धरला.

"दीडच?" विनीत म्हणाला. "मला तेव्हा खूप वाटलेला."