हिरव्या पुडीची तारीख

"यी-च्युनताई, चाचणीत सगळं हिरवं झालं का? चारला साइट उघडायचीय!" मॅनेजर फांगनी पलीकडून विचारलं.

"होतंय," यी-च्युन म्हणाली.

तैवानमधल्या तैचुंगच्या त्या ऑफिसात, तिथल्या समजुतीप्रमाणे, सर्व्हरवर नारळाच्या खाऊची हिरवी पुडी ठेवलेली असे, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. तारीख उलटलेली पुडी चालत नाही. ती तपासणं बावन्न वर्षांच्या यी-च्युनकडे होतं. तिचं खरं काम मात्र रुग्णांच्या डायलिसिसच्या वेळा ठरवणारी साइट तपासण्याचं: एक प्रोग्राम माणसासारखी बटणं दाबून बघे; जमलं तर निकाल हिरवा, चुकलं तर लाल.

प्रोग्रामने बटण हेरून ठेवावं आणि तेवढ्यात पडद्यावरची यादी नव्याने भरावी, की ते बटण नाहीसं. निकाल लाल. "आणखी एकदा लाल आलं तर तुमच्या जागेचा विचार करावा लागेल," फांग हसत म्हणाले होते. घाबरून तिने एक ओळ घातली: बटण हरवलं तर त्या जागी जे असेल ते दाब. महिनाभर सगळं हिरवं.

आज तिने सहज चाचणीतल्या रुग्णांची यादी उघडून बघितली. यादी नव्याने भरताना वर एक नाव वाढत होतं आणि सगळी बटणं खाली सरकत होती. प्रोग्रामने एका रुग्णाची वेळ पक्की करायला जाऊन दुसऱ्याचीच रद्द केली होती. 'काम झालं' अशी पाटी आली, म्हणून निकाल हिरवा.

शेजारची रुओ-थुंग कुजबुजली, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. खऱ्या माणसाला दिसतं की कुठे दाबतोय ते!"

"माझ्या आईचं बोट बघितलंयस? यादी हललेली तिला कळायच्या आत बोट पडलेलं असतं. डायलिसिसची एक वेळ चुकली तर माणूस जातो गं."

तिने ती ओळ पुसली. चाचणी पुन्हा लावली. लाल.

ती उभी राहिली. "फांगसाहेब, लाल आहे. महिनाभर मी झाकत होते."

"पुडीची तारीख गेली की काय?" कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही.

"पुडी चांगली आहे," ती म्हणाली.

फांगनी फोन उचलून चारचं उघडणं थांबवलं. तिच्याकडे मात्र बघितलं नाही.

यी-च्युनने खणातून पुडीच्या तारखेची चिठ्ठी काढून रुओ-थुंगच्या हातात दिली.

"मार्चमध्ये पुडी बदलायचीय," ती म्हणाली. "मी नसले तरी विसरू नकोस."