दुपारी वाजणारा दरवाजा

“हळू, हळू! लाकूड आहे की शिळा? माझ्या कमरेचा काटा ढिला झाला!” असं कुरकुरत तेओफिलोने माझं एक टोक धपकन जमिनीवर टाकलं.

“जेवायला बसताना बरी वाकते ती कंबर,” त्याची बायको बेनिता म्हणाली. “उचल बघू. आणि उताणा नको टाकूस, पालथा घाल. आतली बाजू खाली.”

“का? पालथा टाकला की चांगला पेटतो का?”

“सांगितलं ना, पालथा!”

मित्रांनो, ज्याच्यावरून नवराबायकोचं हे भांडण चाललं होतं तो मीच. मी एक जुना दरवाजा आहे. परवापर्यंत घराला होतो, आता चौकातल्या सरपणाच्या ढिगावर आहे. आज सान हुआनचा सण. संध्याकाळी इथे मोठा जाळ पेटेल, पोरंसोरं पेटता चेंडू लाथाडतील, धीट माणसं निखाऱ्यांवरून चालतील. आणि ढिगाच्या टोकावर चिंध्यांचा हुदास जळेल. ज्याने आपल्या गुरूला पकडून दिलं त्या विश्वासघातक्याचा हा पुतळा. दरवर्षी त्याच्या पोटात फटाके भरतात. यंदा त्याच्या डोक्यावर एक गवती हॅटही घातली आहे. ती हॅट कुणासारखी आहे, हे गावात सगळ्यांना कळतं. तोंडाने कुणी म्हणत नाही.

त्याच्यासोबत मी जळणार. तोवर माझी हकिगत सांगतो.

पूर्वी मी लापाचोचं झाड होतो. थंडी सरता सरता अंगावर पान नसताना गुलाबी फुलांनी भरून जायचो. मग फुल्हेन्सियो सुताराने मला कापलं. राग नाही आला मला, कारण त्याने मला विकायला नव्हतं कापलं. लग्न ठरलं होतं त्याचं, आणि नव्या घराला दरवाजा हवा होता. रंधा मारताना तो माझ्याशीच बोलायचा, “तू माझ्या नातवंडांची लग्नं बघशील, बरं का.” मी खुशीत असायचो.

नातवंडांची लग्नं झाली, पण ब्युनोस आयरेसला. मुलं कामासाठी नदीपलीकडे गेली ती तिकडचीच झाली. म्हातारा गेला, पाठोपाठ म्हातारी गेली. घर बंद पडलं. माझ्या बिजागऱ्या गंजल्या, मी इतका करकरायला लागलो की वाऱ्याने हललो तरी शेजारच्या कोंबड्या दचकायच्या. माझ्याकडे कुणी बघेना.

तेव्हा कराई आनाक्लेतो भाड्याने राहायला आला. कराई म्हणजे मानाचा माणूस. अदबीने बोलणारा, गवती हॅट काढून बायकांना नमस्कार करणारा. पहिल्याच दिवशी त्याने माझा करकर आवाज ऐकला आणि कळवळून म्हणाला, “अरेरे, किती हाल केलेत रे तुझे!” कोंबडीचं पीस तेलात बुडवून त्याने माझ्या बिजागऱ्या पुसल्या. मग दर शनिवारी तेच. कडीलाही तेल, कोयंड्यालाही तेल. सुताराच्या मागे एवढं माझं कुणीच केलं नव्हतं. मी लोण्यासारखा उघडायला लागलो. लोण्यासारखाच मिटायला लागलो.

“माणूस असावा तर असा,” बेनिता कुंपणावरून नवऱ्याला ऐकवायची. “दारालासुद्धा दुखू देत नाही. नाहीतर तू! आपलं दार बघ, गाढवासारखं ओरडतं.”

“मग त्याच्याशीच लावायचं होतंस लग्न.”

“त्याने विचारलं नाही, नाहीतर...”

खेड्यांतल्या मुलींना राजधानीत घरकाम मिळवून देतो, असं आनाक्लेतो सांगायचा. बसच्या थांब्यावर उभा राहायचा. मुली बोचकं घेऊन त्याच्यामागून यायच्या. त्या माझ्यातून आत येताना मी बघितल्या. बाहेर जाताना एकही बघितली नाही. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “गेली पहाटेच्या गाडीने.” मला वाटायचं, मागच्या अंगणातून जात असतील. आपल्याला जो जपतो त्याच्याबद्दल भलतंसलतं मनात येत नाही, मित्रांनो. माझ्याही आलं नाही, गावाच्याही नाही.

मग एकदा लिदुविना आली.

आमच्याकडे पाहुणा दारावर थाप मारत नाही. तो फाटकाशी उभा राहतो आणि टाळ्या वाजवतो. घरातला कुणी बाहेर आला की मग आत जायचं, अशी रीत आहे. आनाक्लेतोने दिलेला पत्ता घेऊन लिदुविना एकटीच आली आणि तिने अशा टाळ्या वाजवल्या की बेनिता घरातून धावत आली.

“अगं ए, टाळ्या आहेत की तोफा?”

“मावशी, आमच्याकडे घरं लांब लांब,” पोरगी खळखळून हसली. “हळू वाजवलं तर ऐकणार कोण?”

बेनितालाही हसू आलं. तिने टोपलीतला गरम चिपा तिच्या हातावर ठेवला. चीज घातलेला तो खरपूस पाव पोरीने उभ्याउभ्या संपवला. तिच्या बोटात सात पेडांची अंगठी होती. “आईने दिली. तिच्या हातात पण अशीच आहे,” ती म्हणाली. तेवढ्यात आनाक्लेतोने हॅट काढून तिचं स्वागत केलं. मी उघडलो. आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने तेरेरे केलं. थंडगार पाण्यात भिजवलेला तो पाला आमच्याकडे कुणी एकटा पीत नाही. एकच भांडं, एकच नळी, या हातातून त्या हातात. त्या दिवशी त्यात त्याने कसली कसली मुळं कुटून घातली आणि म्हणाला, “माझं पोट बरं नाही, पोरी. तू पी.” ती प्यायली. तो बाहेर पडला आणि त्याने मला बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं. तेल घातलेली कडी. माझ्याशेजारची कोंबडीसुद्धा दचकली नाही.

तेव्हा मला कळलं, मित्रांनो. ते तेल माझ्यासाठी नव्हतंच कधी.

आधीच्या मुली बहुधा झोपेतच गेल्या. लिदुविना नाही गेली. ती जमिनीवरून सरपटत माझ्यापर्यंत आली. ओरडायला बघत होती, पण घसा बंद झाला होता. उभं राहता येत नव्हतं. म्हणून तिने खाली, अगदी उंबऱ्याजवळ, बोटातली अंगठी माझ्यावर वाजवली. ठक. ठक, ठक.

वामकुक्षीची वेळ होती. आमच्या गावात त्या वेळी कुत्रंही उठत नाही. त्या शांततेत प्रत्येक ठक गल्लीच्या टोकापर्यंत गेली. मी होतो लापाचोचा, वाजलो तर घणघणीत वाजायचो.

शेजारी तेओफिलो झोपाळ्यातून अर्धा उठला. खिडकी उघडीच होती, मला सगळं ऐकू आलं.

“शेजारी कुणीतरी दार वाजवतंय गं.”

“माणूस असता तर टाळ्या वाजवल्या असत्या,” बेनिता कुजबुजली. “भर दुपारी दारावर कोण वाजवतो, ठाऊक नाही तुला? झोप गुपचूप. नाव घेऊ नकोस त्याचं.”

‘तो’ म्हणजे जासी जातेरे. सोनेरी केसांचा, हातात काठी घेऊन दुपारी हिंडणारा आणि न झोपणाऱ्या पोरांना रानात नेणारा. पोरांना झोपवण्यासाठी आया त्याचं नाव सांगतात. त्या दुपारी मोठी माणसंही त्याच्या नावावर झोपली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा वाजलं. बारीक वाजलं. गल्लीतल्या खिडक्या आतून लागल्या, एकेक करून. त्यानंतर वाजलं नाही.

पुढे एका भावाने बाजारात आनाक्लेतोने विकलेली आपल्या हरवलेल्या बहिणीची शाल ओळखली आणि पोलीस आले. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाखाली खणलं. एकामागून एक सापडत गेल्या. जास्त सांगत नाही. आनाक्लेतोला नेलं तेव्हा माझ्यातून जाताना तो सवयीने माझ्या बिजागरीकडे बघून म्हणाला, “शनिवारी तेल राहिलं.” माणसाने इतक्या मायेने बोलू नये, मित्रांनो.

आणि मग आमचं घर झपाटलं.

दुपारी दरवाजा वाजतो, असं लोक सांगू लागले. आतून कुणीतरी ठोकतं. तालुक्याहून माणसं बघायला यायला लागली, टीव्हीवाले आले. उंबऱ्याजवळ माझ्यावर बारीक बारीक खड्डे पडले होते. ती भुताची नखं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते ठरूनच गेलं. जो तो शपथेवर सांगायचा, मी ऐकलं, माझ्या सासूने ऐकलं, पाद्रीबाबांच्या स्वयंपाकिणीने ऐकलं. मी तर बोलून चालून लाकूड. गप्प उभा होतो. वाजायचं ते छपराचं एक सुटलेलं पत्र्याचं पान. पण खरं सांगू? ज्यांनी तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखं केलं, त्यांनाच आता न वाजताही ऐकू येत होतं.

बेनिता येणाऱ्याजाणाऱ्यांना चिपा विकायची. भुताची गोष्ट मात्र तिने कधी सांगितली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “घ्यायचाय तर घ्या, गार होतोय.”

लिदुविनाची आई दरवर्षी यायची. न्या सेफेरिना तिचं नाव, गावच्या रीतीने थोर बाईला ‘न्या’ म्हणतात. ती रिकाम्या घराच्या फाटकाशी उभी राहून टाळ्या वाजवायची. थांबायची. मग गल्लीत घरोघर जाऊन एकच विचारायची, “माझ्या पोरीने कुणाला हाक मारली होती का?”

“नाही हो, न्या सेफेरिना. काही ऐकू आलं नाही. झोपेतच गेली असेल, शांतपणे.”

“शांतपणे?” ती म्हणायची. “माझी लिदुविना? ती कधी मुकाट्याने जेवलीसुद्धा नाही.” आणि बसने परत जायची. तिला सुख वाटावं म्हणून लोक तसं सांगायचे, असं लोकांना वाटायचं. तिला मात्र एवढंच कळायचं की आपल्या लढाऊ पोरीने शेवटी हात टेकले. आणि ते तिला पटत नव्हतं, म्हणून ती पुन्हा यायची.

यंदा गावाने ठरवलं, दरवाजाच जाळायचा. म्हणजे ठोकायला काही उरणार नाही. मला विचारलं नाही कुणी. सुताराने मला लग्नासाठी केलं होतं, आनाक्लेतोने मला कैदखाना केलं, आणि माझ्या गावाने मला भूत केलं. यातलं कुठलं जास्त लागलं, हे अजून ठरलेलं नाही माझं.

मला एकच मागायचंय, मित्रांनो. तुमच्या घरी जुना दरवाजा असेल तर त्याला जपा. पण थोडा करकरू द्या. आणि तो अवेळी, चुकीच्या रीतीने वाजला, तरी उठा. टाळ्या वाजवायला दोन हात मोकळे लागतात. ते सगळ्यांचे नसतात.

तर आज दुपार कलल्यावर मला ढिगावर टाकून तेओफिलो घाम पुसत होता, तेवढ्यात न्या सेफेरिना चौकात आली. वाटेत तिने रिकामी चौकट बघितली असणार.

“हाच का तो?” तिने विचारलं.

हुदासला दोरीने बांधणारी माणसं थांबली.

“पालथा का घातलाय? उताणा करा त्याला.”

“कशाला बघताय, न्या सेफेरिना,” बेनिता पुढे झाली. “काही नाही त्यात. भुताच्या नखांचे ओरखडे नुसते. सणाचा दिवस आहे, चिपा खा एक...”

“उताणा करा.”

तेओफिलोने बायकोकडे बघितलं. मग कमरेचं नाव न काढता वाकला, आणि मी उताणा झालो.

म्हातारी गुडघ्यांवर बसली. तिची बोटं माझ्यावरून खाली खाली गेली आणि त्या खड्ड्यांपाशी थांबली. बराच वेळ तिने ते चाचपले. एकात तिने आपल्या बोटातल्या अंगठीची सातपेडी कड ठेवली. तंतोतंत बसली. ती रडली नाही. तिने हात उचलला आणि, आत कुणी असल्यासारखं, मला वाजवलं.

ठक. ठक, ठक.

चौक त्या दुपारसारखा झाला. एक बाई क्रूस करून पुटपुटली, “ऐकलंत? तेच ते... भूत...”

“गप्प बस!” बेनिता ओरडली. तिची टोपली खाली पडली, चिपे लाल मातीत घरंगळत गेले. ती आली आणि म्हातारीसमोर मातीतच बसली.

“भूत नाही,” ती म्हणाली. “भूत कधीच नव्हतं. न्या सेफेरिना, तुमच्या पोरीने हाक मारली होती. दोन दिवस मारली. मी ऐकली. आम्ही सगळ्यांनी ऐकली. आणि आम्ही उठलो नाही.”