किल्ल्यामागचं घर

मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातून केरू रोज सकाळी बसने शारजापलीकडच्या वाळूत जाई, आणि तिथे राजापूरकडच्या या सुताराच्या हातून एक अमेरिकन गाव उभं राहत होतं. सरहद्दीवरच्या लष्करी किल्ल्याच्या आधाराने वाढलेलं आणि सैन्य निघून गेल्यावरही मागे उरलेलं ते गाव जुन्या फोटोंवरून एका थीम पार्कसाठी बांधायचं होतं. मधोमध किल्ला, भोवती दुकानं, चर्च, शाळा, आणि सगळ्यांना फक्त दर्शनी भिंत, मागे नुसते टेकू.

एका दुपारी किल्ल्यामागच्या घराचं दार त्याने सहज ढकललं, तर आत खोली होती. खाट होती, खुंटीला घामाने ओला झालेला शर्ट होता. दाराचे सांधे त्याच्याच हातचे होते. तसे सांधे साइटवर दुसरं कुणी करत नसे.

फोरमन मुनीरने कामाची शीट पुढे केली. "तुमने ही तो बनाया, केरूभाई. पिछले हफ्ते."

खाली केरूची सही होती. मागचा आठवडाभर तो तापाने कॅम्पातच पडून होता.

तापात माणूस काय काय विसरतो, अशी त्याने मनाची समजूत घातली. पण शुक्रवारी गावी फोन केला तेव्हा त्याची बायको सत्यभामा म्हणाली, "आज आवाज बसलाय तुमचा. काल तर किती छान बोलत होतात."

काल त्याने फोन केलाच नव्हता.

"काय बोललो मी?"

"हेच, की घर चांगलं आहे, खिडकीतून किल्ला दिसतो. एवढ्यात काही येत नाही, म्हणालात."

दुसऱ्या सकाळी साइटवर पोचताच केरूने पहार उचलली, आणि मुनीर "खलास, केरूभाई, बस करो" म्हणत राहिला तरी त्या घराची फळीन् फळी उचकटेपर्यंत तो थांबला नाही. खाटेवरचं अंथरूण अजून उबदार होतं. संध्याकाळी मुनीरने मान खाली घालून सांगितलं, कंपनी तुला परत पाठवतेय. केरूला हायसंच वाटलं.

दोन दिवसांनी, बॅग भरून झाल्यावर, त्याने घरी फोन लावला.

"भामा, मी निघतोय. उद्या पोचतो."

पलीकडे पडवीत रंधा चालत होता, सावकाश, लांब लांब हात मारत. तो हात केरू ओळखत होता.

मग फोनवरून तोंड वळवून सत्यभामा कुणाला तरी म्हणाली, "कुणी नाही हो. राँग नंबर."