झालं म्हणजे कुणी केलं?

ताईच्या कचेरीत एका शब्दाला बंदी होती. 'झालं'.

विमानाला अपघात झाला की तो का झाला हे शोधून काढायचं, हे ताईचं काम. हाताखालचं कुणी "तपासून झालं" म्हणालं, की ती चष्मा कपाळावर चढवायची आणि विचारायची, "झालं म्हणजे? कुणी केलं? आपोआप फक्त दूध नासतं." नवी माणसं आधी रडकुंडीला यायची, मग सुधारायची. घरी मात्र ती चारचौघींसारखीच. कुकर झाला, कपडे झाले, बाबांची आंघोळ झाली. कायदा उंबऱ्याबाहेर!

तिचा धाकटा भाऊ बुडीत कंपन्या विकत घ्यायचा. ज्या धंद्यावर सगळ्यांनी पाणी सोडलंय त्यात हा पैसे घालणार, वर्ष-दोन वर्षं राबून तो पायावर उभा करणार आणि मग विकणार. बाबा त्याला वैद्यबुवा म्हणत. भलत्या मोठ्या कारखान्यांची नाडी बघणारा हा गडी घरात कुणाला साधं खरचटलं तरी पांढराफटक पडायचा, हे त्याच्या भागीदारांना कुठून कळणार?

बाबांनी जन्मभर बस चालवली होती. आता पायांनीच संप पुकारला, म्हणून ते ताईकडे, चाकांच्या खुर्चीत. रविवारी वैद्यबुवा यायचा आणि दोघं मिळून त्यांना दारासमोरच्या उतारावरून खाली अंगणात, उन्हात न्यायची. त्या तासाभरासाठी बाबा सकाळपासून दाढी करून तयार असत.

त्या रविवारी वैद्यबुवा खुशीत होता. दुसऱ्या दिवशी एका छोट्या विमान कंपनीच्या खरेदीवर त्याची सही व्हायची होती. तिच्या एका विमानाचं चाक उतरताना निखळलं होतं. विमान गवतात घुसलं, एकाचा हात मोडला, बाकी सगळे वाचले. पण लोकांनी त्या विमानांत बसायचंच सोडलं. चौकशी ताईनेच केली होती आणि तिचा अहवाल छापूनही आला होता.

"वाचलास का?" तिने चहा गाळता गाळता विचारलं.

"वाचला म्हणून तर पहिलं काम ठरवलंय. चाक बसवणाऱ्या त्या फिटरला घरी पाठवायचं. भागीदारांचीही तीच अट आहे. लोकांना दिसायला हवं ना, की घाण साफ केली."

"जखम मांडीला आणि मलम शेंडीला! अरे, त्याने चाक चढवलं, नट हाताने फिरवून ठेवला. आवळणार तेवढ्यात त्याला दुसऱ्या विमानाकडे पिटाळलं. का? तर माणसं कमी केलेली. जाता जाता तो पुढच्या पाळीच्या माणसाला म्हणाला, 'चाकाचं झालं.' याच्या मनात, चढवून झालं. त्याच्या कानात, आवळून झालं. वरच्या साहेबाने न बघता सही ठोकली. बारभाईचा कारभार, आणि बकरा एकटा फिटर."

"पण चूक त्याच्या हातून झाली ना?"

"झाली," ताई म्हणाली आणि स्वतःवरच चिडून तिने कप जरा जोरात ठेवला.

मग दोघं बाबांना घेऊन दाराशी आली. ताई वाकून त्यांचा घसरलेला पाय पायपट्टीवर नीट ठेवत होती, मान खाली घालून. वैद्यबुवाने खुर्ची मागून धरली होती. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला.

"ताई, ब्रेक?"

"झालं," ताई म्हणाली. पायाचं.

त्याने दोन्ही हात सोडले.

खुर्ची तिच्या बोटांना चाटून गेली. उतारावरून ती निघाली ती थेट कुंपणाच्या झुडपात. दोघं ओरडत धावली. बाबा फांद्यांत अडकून आडवे झाले होते आणि त्यांचा चष्मा एका कानाला लोंबत होता.

वरच्या मजल्यावरची डॉक्टरीण धावत आली. मनगट मुरगळलंय, कोपर सोलवटलंय, बाकी काही नाही, असं तिने सांगितलं. घरात पट्टी बांधून घेताना बाबा तिला म्हणाले, "एवढ्या नोकरीत माझी गाडी कधी रस्त्याखाली उतरली नाही हो. आज उतरली, तीही बिनइंजिनाची."

हसायला वैद्यबुवा तिथे नव्हताच. ताईला तो बाहेरच्या जिन्यावर सापडला. हात काखेत दाबून बसला होता.

"मी नाही आता त्यांना हात लावणार," तो म्हणाला. "तू एखादा माणूस ठेव, पगार मी देईन. मी येत जाईन ना, बसेन जरा लांब."

ती त्याला ओळखून होती. हा एकदा घाबरून लांब बसला की लांबच राहणार. पुढे एका रविवारी फोन करेल, मग तोही राहून जाईल. आणि बाबा दाढी करून वाट बघत बसतील.

ती त्याच्या शेजारी पायरीवर टेकली. "हात तू सोडलेस. पण 'झालं' कोण म्हणालं? मी. ज्या शब्दापायी मी लोकांची सालटी काढते, तोच. तुझा प्रश्न नीट न ऐकताच मी पायाचं म्हणाले, तू ब्रेकचं ऐकलंस." ती त्याच्याकडे सरकली. "तुझ्याइतकीच मीही घाबरलेय रे."

उघड्या दारातून बाबांना सगळं ऐकू येत होतं. म्हातारपणी पाय गेले होते, कान नव्हे.

"वैद्यबुवा!" आतून हाक आली. "त्या फिटरला लावलास त्या कायद्याने आता मला हा मुलगा काढून नवा नेमायला हवा, नाही का? बघ बाबा, कुठे मिळतोय का. पण नवा आला की तोही एकदा ब्रेक विसरणार. तुझं एकदा विसरून तरी झालंय."

'झालं' ऐकूनही ताईने चष्मा कपाळावर चढवला नाही. वैद्यबुवा हसायला गेला आणि ढसाढसा रडला. मग बाहीने नाक पुसत उठला, आत गेला आणि खुर्चीमागे उभा राहिला.

"ऊन जायच्या आत चला," बाबा म्हणाले. "ब्रेक?"

"मी लावलाय. हे बघा."

"पाय?"

"मी ठेवलेत," ताई म्हणाली.

"आता ब्रेक काढतोय. मी काढतोय. धरलंय मीच, दोन्ही हातांनी." त्याची मूठ घट्ट होती. खुर्ची मुंगीच्या पावलांनी उतरायला लागली.

अर्ध्या उतारावर पुन्हा फोन वाजला. त्याने मूठ सोडली नाही. ताईनेच त्याच्या खिशातून फोन काढून त्याच्या कानाला लावला. पलीकडे भागीदार होता.

"उद्या सही करतो," वैद्यबुवा खुर्चीवरची नजर न काढता म्हणाला. "पण फिटर राहणार. आणि पाळीतली माणसं वाढवायची. नसेल पटत तर सही नाही." पलीकडून 'अरे, त्याला काढायचं ठरलं होतं' असं ऐकू आलं. "ठरलं म्हणजे कुणी ठरवलं? मी ठरवलं होतं. आता मीच बदलतोय."

बाबांनी धडधाकट हाताने खुर्चीच्या दांड्यावर दोनदा टकटक केली, कंडक्टरने घंटी द्यावी तशी.

"हं," ते म्हणाले, "जाऊ द्या."